पाऊस अमाप, ओढा एकही नाही

माँटेनेग्रो या बाल्कन देशात, कोटोरच्या आखातामागे उभ्या असलेल्या डोंगरांत त्सर्कवित्से नावाचे एक ठिकाण आहे, जेथे वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि म्हणून युरोपातील सर्वाधिक पर्जन्याच्या स्थळांत त्याची गणना होते. महाबळेश्वरचा पाऊस याहून अधिक असला तरी त्याच मापातला आहे. महाबळेश्वरी त्या पावसातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्या उगम पावतात. त्सर्कवित्सेच्या परिसरात मात्र बारमाही ओढासुद्धा नाही, आणि तेथील गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छपरावरचे पाणी टाक्यांत साठवून उन्हाळे काढले. हा फरक खडकाचा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट पाणी सावकाश मुरू देतो आणि उरलेले उतारावरून वाहू देतो, तर त्सर्कवित्सेचा चुनखडक पडलेले जवळजवळ सगळे पाणी पोटात घेतो.

चुनखडकासारख्या विरघळणाऱ्या खडकावर घडलेल्या अशा भूरूपाला कार्स्ट म्हणतात. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते, खडकातील भेगांतून खाली उतरताना कॅल्शियम कार्बोनेट विरघळवत जाते, आणि हजारो वर्षांत केसाएवढ्या भेगेचे नळीत, नळीचे भुयारात आणि भुयाराचे नदी सामावणाऱ्या गुहेत रूपांतर होते. अशा प्रदेशात अपधाव, म्हणजे पावसाचे वाहून नदीला मिळणारे पाणी, जवळजवळ पूर्णपणे भूमिगत असतो, आणि तो पुन्हा उजेडात येतो तो डोंगराच्या पायथ्याशी फुटणाऱ्या मोठ्या झऱ्यांतून. त्सर्कवित्सेच्या खाली रिसान गावाजवळचा सोपोट हा झरा मोठ्या पावसानंतर धबधब्यासारखा समुद्रात कोसळतो आणि उन्हाळ्यात पूर्ण कोरडा पडतो. कोटोर शहराजवळच्या गुर्दिच झऱ्यात तर कोरड्या ऋतूत गोड्या पाण्याचा दाब इतका घटतो की समुद्राचे खारे पाणी आत शिरते.

बर्फाच्छादित प्रदेश वगळता पृथ्वीवरील जमिनीच्या सुमारे १५ टक्के भागावर असे कार्बोनेट खडक उघडे आहेत आणि जगातील सुमारे एक दशांश लोकसंख्या कार्स्टमधल्या पाण्यावर विसंबून आहे, तेव्हा या भूमिगत नद्यांवर हवामानाचा परिणाम कसा होतो हा केवळ भूगोलाच्या अभ्यासकांचा प्रश्न राहत नाही.

सर्वप्रथम लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की झऱ्याला किती पाणी मिळेल हे एकूण पावसावर ठरत नाही. पावसातून बाष्पीभवन आणि बाष्पोच्छ्वास, म्हणजे वनस्पतींच्या पानांवाटे हवेत जाणारे पाणी, वजा करून जे उरते त्यावर ते ठरते. स्लोव्हेनियापासून माँटेनेग्रोपर्यंत पसरलेल्या दिनारिक पर्वतरांगांत नोव्हेंबरमध्ये पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस बहुतांशी खडकात उतरतो, कारण तेव्हा झाडे निष्पर्ण आणि हवा थंड असते. तेवढाच पाऊस जुलैत विखुरलेल्या सरींतून पडला तर मातीच्या पातळ थरातच तो मुरतो आणि मुळे तो शोषून घेतात. मातीखाली फुटक्या, झिजलेल्या खडकाचा काही मीटर जाडीचा जो पट्टा असतो, तो आधी भरावा लागतो आणि मगच पाणी मुख्य नळ्यांत उतरते. त्यामुळे पावसाचे प्रमाण दुप्पट झाले तर झऱ्याचा प्रवाहही दुप्पटच होईल असा हिशेब येथे चालत नाही: कोरड्या पट्ट्यावरचा मध्यम पाऊस झऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि भरलेल्या पट्ट्यावरचा तसाच पाऊस काही तासांत पूर आणतो.

या हिशेबाचे सर्वांत स्पष्ट दर्शन स्लोव्हेनियातील त्सेर्कनित्सा सरोवरात घडते. हे सरोवर पोल्येत, म्हणजे चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या सपाट तळाच्या कार्स्ट खोऱ्यात आहे, आणि त्याच्या तळाशी असलेल्या विवरांपैकी काही पाणी गिळतात, काही पाणी ओकतात, तर काही भूजलाच्या पातळीनुसार दोन्ही कामे करतात. शरद ऋतूतील पावसाने काही दिवसांत ते भरते, वसंतात वितळणाऱ्या बर्फाने त्याला पुन्हा भर मिळते, आणि उन्हाळ्यात ते आटून त्याच जागी गवत कापले जाते. यानेझ वायकार्ड वाल्वासोर या कार्निओला प्रांतातील विद्वानाने या सरोवराच्या वागण्याचे स्पष्टीकरण भूमिगत जलाशय आणि वक्रनळ्यांच्या आधारे दिले, १६८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले, आणि १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या सरोवराचे सविस्तर वर्णन केले. त्याची वक्रनळ्यांची रचना पुढे टिकली नाही. परंतु पावसाचा आणि जमिनीखालच्या जागेचा संबंध जोडून विचार करण्याची त्याची दिशा बरोबर होती, आणि त्या काळासाठी ती असामान्य होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाणी वाहून नेणाऱ्या दोन गुहांची तोंडे बंद करून सरोवर कायमचे टिकवण्याचा प्रयत्न झाला, पण पाण्याला इतर वाटा होत्याच, आणि सरोवर ऋतूप्रमाणेच वागत राहिले.

कोरडेपणाइतकाच पूरही येथे निराळा असतो. रेका ही नदी श्कोत्सियानच्या गुहांत शिरते आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर, इटलीतील दुईनोजवळ, तिमाव्हो या नावाने बाहेर येते. उन्हाळ्यात सेकंदाला एका घनमीटरहूनही कमी वाहणारी ही नदी मोठ्या पुरात सेकंदाला ३०० घनमीटरपेक्षा अधिक पाणी आणते, आणि गुहेच्या पलीकडचा मार्ग अरुंद असल्यामुळे नरसाळ्यात वेगाने ओतलेल्या पाण्याप्रमाणे ते मागे साठत जाते. १८२६ सालच्या पुरात गुहेतील पाण्याची पातळी शंभर मीटरहून अधिक चढली होती. पाऊस थोड्या वेळात एकवटला की कार्स्टमधला पूर किती वाढेल हे अशा एखाद्या अरुंद वाटेवर ठरते, आणि नकाशावर ती वाट सहसा दिसत नाही.

हवामान पाण्याचे प्रमाण ठरवते, तसे कार्स्ट घडण्याचा वेगही ठरवते. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो, या आधारावर झाँ कोर्बेल या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने १९५०च्या दशकात असे प्रतिपादन केले, की बर्फाळ प्रदेशांत चुनखडक उष्ण प्रदेशांपेक्षा वेगाने झिजतो. पुढील मोजमापांतून मात्र असे दिसले, की झीज मुख्यतः खडकातून किती पाणी वाहून जाते यावर अवलंबून असते आणि तापमानाचा थेट वाटा त्यामानाने लहान आहे. शिवाय उष्ण, दमट मातीतील जीवसृष्टी इतका कार्बन डायऑक्साइड निर्माण करते की थंडीचा फायदा बऱ्याच अंशी नाहीसा होतो. मेघालयाच्या दक्षिण उतारावर, जगातील सर्वाधिक पावसाच्या चेरापुंजी आणि मौसिनरामच्या परिसरात, चुनखडकात गुहांचे मोठे जाळे आहे ते याच कारणाने, आणि मोसमी पावसाचे महिने सरल्यावर हिवाळ्यात तेथील वस्त्यांना पाण्याची टंचाई भासते यामागेही पाणी धरून न ठेवणारा हा भूभाग आहे. चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतील एका लवणस्तंभात, म्हणजे ठिबकत्या पाण्यातील चुन्याने थरावर थर चढून वाढलेल्या स्तंभात, सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याची रासायनिक खूण सापडली, आणि २०१८ साली भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या खुणेपासून सुरू होणाऱ्या कालखंडाला मेघालयन हे नाव दिले.

तापमानवाढीमुळे या व्यवस्थेत होणारा बदल दिनारिक प्रदेशात दोन वाटांनी येतो. पर्वतांवर बर्फाऐवजी पाऊस पडू लागल्याने हिवाळ्यातील पाणी वसंतापर्यंत न थांबता लगेच वाहून जाते. उन्हाळा लांबल्याने बाष्पोच्छ्वासाचा काळ वाढतो. याखेरीज, तापमानवाढीशिवाय, जंगलही वाढलेले आहे, ज्याचा विचार हवामानाच्या चर्चेत पुरेसा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चराईने उघडे पडलेले स्लोव्हेनियातील क्रासचे पठार १८५९ नंतर काळ्या पाइनच्या लागवडीने पुन्हा झाकले गेले. मातीची धूप थांबली हे मोठेच यश होय, परंतु प्रत्येक झाड खडकात उतरू शकणाऱ्या पाण्याचा काही भाग हवेत सोडते, आणि म्हणून झऱ्यांच्या घटत्या प्रवाहाचे सगळे खापर पावसावर फोडणे शास्त्राला धरून होत नाही. याउलट मुसळधार पावसाचे पाणी मोठ्या भेगांतून मुळांच्या आवाक्यापलीकडे झटपट निसटते, त्यामुळे सर्वत्र एकसारखा खडक गृहीत धरणारी गणिती प्रारूपे कार्स्टमधील भूजलभरण प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. मात्र ज्या वेगाने हे पाणी आत जाते त्याच वेगाने ते बाहेरही पडते, आणि वाटेत माती किंवा वाळूतून गाळले न गेल्यामुळे गढूळपणा आणि जंतूही झऱ्यापर्यंत नेते.

स्लोव्हेनियाचा किनारी भाग मुख्यतः रिझाना या कार्स्ट झऱ्याचे पाणी पितो. पर्यटकांमुळे तेथील मागणी जुलै-ऑगस्टमध्ये शिखराला पोहोचते आणि झऱ्याचा प्रवाह नेमका तेव्हाच तळाला असतो, म्हणून क्रास पठाराखालचे भूजल आणि शेजारच्या क्रोएशियातील पाणी आणून ही तूट भरली जाते. २०२२च्या उन्हाळ्यात दुष्काळ इतका तीव्र झाला की तेथे पाणीवापरावर निर्बंध घालावे लागले, आणि त्याच जुलैत क्रास पठारावर स्लोव्हेनियाच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा पेटून साडेतीन हजार हेक्टरच्या आसपास क्षेत्र होरपळले. आता त्या जळलेल्या उतारांवर किती पाणी मुरते, किती माती भुयारांत उतरते आणि नवी झाडे वाढताना हे प्रमाण कसे बदलते, हे पुढील अनेक पावसाळे सलग मोजावे लागेल. मोजणीची स्थानके झऱ्यांच्या मुखाशी जितकी आवश्यक आहेत, तितकीच ती पठारावर, पाणी जेथे जमिनीत शिरते तेथेही आवश्यक आहेत.