जासईचे पदवीधर आणि बंदरातले काम

पदवी आणि नोकरी यांच्यातले अंतर उरण तालुक्यातल्या जासईच्या परिसरात अगदी जवळून पाहता येते. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. त्याआधी इथली घरे भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर चालत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये जासईचेच शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले. जमीन गेलेल्या घरांना पुढच्या पिढीच्या शिक्षणाचाच आधार उरला, म्हणून इथे पदवीचा प्रश्न पोटाचा आहे.

फुंड्याला रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय असल्याने तालुक्यातल्या मुलामुलींना बी.कॉम. घराजवळ करता येते. हिशेब, करव्यवस्था आणि व्यापारी कायदा यांचा पाया तिथे पक्का होऊ शकतो. पण बंदरातला माल सीमाशुल्कातून सोडवणाऱ्या क्लिअरिंगच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात आयातीची बिल ऑफ एंट्री आणि निर्यातीचे शिपिंग बिल समोर येते. मालाला त्याच्या वर्गीकरणाचा योग्य एचएसएन कोड लावावा लागतो. तो चुकला तर शुल्क चुकते, कंटेनर अडकतो आणि जागेचे भाडे रोज चढत जाते. हे कौशल्य जाणत्या माणसाच्या हाताखालीच येते.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. हे क्लिअरिंगचे काम करणाऱ्या सीमाशुल्क दलालांच्या 2018 च्या नियमांनुसार दलालाच्या परवान्यासाठी पदवी लागतेच. शिवाय एमबीए, एलएलबी यांसारखी व्यावसायिक पात्रता नाहीतर जी-कार्डधारक, म्हणजे परीक्षा देऊन दलालाच्या हाताखाली काम करणारा अधिकृत कर्मचारी, म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. जी-कार्डाच्या परीक्षेला बारावी पुरते. म्हणजे बारावीवर कामात शिरता येते, पण स्वतःचा परवाना घ्यायचा तर पदवीवाचून गत्यंतर नाही. पदवी निरुपयोगी म्हणणारे नेमके हेच विसरतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात कार्यानुभवाला 4 श्रेयांक, म्हणजे सुमारे 120 तास मिळाले आहेत. हा वेळ अपुरा आहे. एवढ्यात कागद कुठून कुठे जातो ते कळेल, शंका आल्यावर काय करायचे ते नाही. ही उणीव उमेदवारीने भरून काढता येईल: 2014 च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवार कायद्यात बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही आले असून त्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. बंदराभोवतीच्या कंपन्यांनी जवळपासच्या वाणिज्य पदवीधरांना अशी वर्षभराची उमेदवारी दिली, तर शिकण्याच्या काळाचा जो खर्च आज एकट्या कुटुंबावर पडतो, तो वाटून घेतला जाईल.