गुगलच्या बाजारात बीडचे सीताफळ

सीताफळाचे दुखणे तुम्हाला सांगायला नको. डोळे उघडले की फळ तोडावेच लागते. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकते आणि थंडीत जास्त ठेवले तर साल काळी पडते. गिऱ्हाईक वेळेवर भेटले नाही तर मिळेल त्या भावाने क्रेट मोकळे करायचे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आपल्या या फळाला २०१६ मध्ये बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पण पुण्या-मुंबईचा आईस्क्रीमवाला किंवा गर काढणारा कारखानदार आज माल शोधायला मोबाईलवर गुगल उघडतो. तिथे आपला पत्ता लागतो का?

मागे दिंद्रुड भागातील एका गटाच्या बैठकीला बसलो होतो. अध्यक्षांनी हौसेने संकेतस्थळ दाखवले. त्यासाठी चांगले पैसे मोजले होते, ‘पहिला नंबर आणून देतो’ अशी हमीही मिळाली होती. पान उघडले तर सत्काराचे फोटो, ‘आपले स्वागत आहे’ आणि भावपत्रकाचा फोटो! कोणते फळ, किती माल, कुठून, कधी, याची एक ओळ नाही. मग गुगलने ओळखायचे तरी कशावरून?

गुगल काम कसे करते?

गुगलची यंत्रणा दुव्यांवरून या पानावरून त्या पानावर हिंडते, पाने वाचते आणि त्यांची नोंद ठेवते. कोणी काही विचारले, की त्या नोंदीतून उपयोगी वाटणारी पाने वर मांडते. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते व तिथे तसे लिहिलेलेही असते. नेहमीच्या यादीतली वरची जागा मात्र विकत मिळत नाही. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गुगल सांगते. तेव्हा हमी देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

संचालक मंडळाने काय करावे?

१) गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत विचारते ते आधी लिहून काढा. कोणी ‘सीताफळ’ लिहितो, कोणी ‘सिताफळ’, कोणी ‘कस्टर्ड ॲपल’. कोणाला ‘सीताफळ गर घाऊक’ हवा असतो. आलेल्या प्रत्येक फोनवर विचारा, ‘काय लिहून शोधलंत?’ हे शब्द वाक्यात सहज येऊ द्या. एकच शब्द पन्नास वेळा कोंबणे म्हणजे युरियाचा जादा डोस, पीक झोपते.

२) पानाचा मथळा स्पष्ट ठेवा. ‘बीडचे सीताफळ, घाऊक विक्री, दिंद्रुड, ता. माजलगाव’ एवढे पुरे. खाली हंगाम, प्रतवारी, पॅकिंग, रोजचा माल, वाहतूक आणि फोन नंबर अक्षरांत लिहा. फोटोतला मजकूर यंत्राला नीट कळेलच असे नाही. व्हॉट्सॲपच्या गटातले संदेश तर गुगलला दिसतच नाहीत.

३) पान मोबाईलवर चटकन उघडते का, ते गावातल्या साध्या फोनवर तपासा. जड फोटो हलके करा.

४) गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. संकलन केंद्राचा पत्ता, वेळ व फोन टाकून पडताळणी करून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावाचे नाव सगळीकडे एकसारखे लिहिले जाईल हे पाहावे. खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका.

५) दुसऱ्या चांगल्या संकेतस्थळावरून आपल्या पानाकडे दुवा येणे ही शिफारसच. गुगलची उभारणी १९९८ पासून याच कल्पनेवर झाली. नियमित खरेदीदाराला, संस्थेला दुवा देण्याची विनंती करा. दुवे विकत घेऊ नका.

६) मानांकनाचे नाव व चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

हिशेब मागा

संकेतस्थळाचे नाव कंपनीच्या नावावर आहे का आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे आजच पाहा. करणारा पोरगा गाव सोडून गेला तर पान त्याच्याबरोबर जायला नको. ‘सर्च कन्सोल’ हे गुगलचे साधन फुकट आहे. लोकांनी कोणते शब्द शोधले, आपले पान किती वेळा दिसले, किती जण आत आले, हे त्यात कळते. मासिक बैठकीत जमाखर्चासोबत हा कागदही मांडायला लावा. फोन किती आले आणि माल किती गेला, हे शेजारी लिहा. शेवटी खरा आकडा तोच.

बंधूंनो, केलेल्या बदलाचा परिणाम कधी थोड्या दिवसांत, तर कधी काही महिन्यांनी दिसतो. सप्टेंबरात फळ तोडायला आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मृगाआधी आपण मशागत उरकतो, तसे हे पानही मे-जूनमध्येच तयार ठेवा. आणि त्यावर लिहिलेला माल क्रेटमध्ये तसाच निघू द्या. गुगल गिऱ्हाईक दारापर्यंत आणील. पुढच्या हंगामात ते परत येईल की नाही, हे आपल्या फळावर आणि शब्दावर आहे.