सगळेच जंतू वैरी नव्हेत

जंतू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलरा, क्षय, विषमज्वर असे रोग उभे राहतात. शाळेत हात धुण्याचा धडा गिरवताना जंतू म्हणजे शत्रू हे मनात पक्के बसते. त्यात खोटे काही नाही. हात धुतलेच पाहिजेत. परंतु जगातील असंख्य जीवाणूंपैकी माणसाला आजारी पाडणारे फार थोडे. पुष्कळसे निरुपद्रवी असतात आणि काही तर असे की, त्यांच्यावाचून आपले पानही हलणार नाही. आज या उपकारी जीवाणूंची ओळख करून घेऊ.

शेतातील आणि गोठ्यातील मदतनीस

आमच्या कुंभारीच्या शिवारात तूर आणि ज्वारी ही जुनी पिके. पेरणीनंतर दीडेक महिन्याने, जमिनीत ओल असताना, तुरीचे एखादे रोप मुळासकट अलगद काढून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर काम चालू आहे असे समजावे. या गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. हवेत सुमारे 78 टक्के नत्र असते, पण पिकाला ते सरळ घेता येत नाही. हे जीवाणू हवेतील नत्र धरून पिकाला देतात आणि त्या बदल्यात पीक त्यांना साखर पुरवते. म्हणूनच कृषी खाते पेरणीपूर्वी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम जीवाणू संवर्धक चोळून ते सावलीत सुकवायला सांगते.

गोठ्यातही हाच प्रकार. गाय‑म्हैस कडबा खाते खरी, पण तो पचवण्याचे मुख्य काम तिच्या पोटातील जीवाणू करतात. मृगाच्या पहिल्या सरीने मातीला जो वास सुटतो, तोही बराचसा मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूंमुळे. याच जातीपासून 1943 साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयावर गुणकारी ठरलेले ते पहिले प्रतिजैविक. म्हणजे जंतूवरचे औषधही जंतूनेच दिले.

विरजण काय करते?

घरातला सर्वांत ओळखीचा जीवाणू दह्यात असतो. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की लॅक्टोबॅसिलस व त्याचे भाऊबंद दुधातील साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दूध घट्ट होते आणि नासवणाऱ्या अनेक जंतूंना तेथे वाढता येत नाही. दुधातील साखर काही अंशी आधीच पचलेली असल्यामुळे, ज्यांना दूध सोसत नाही अशा अनेकांना दही‑ताक सोसते. थंडीत दही उशिरा लागते, कारण या जीवाणूंना ऊब हवी असते. ताकात ते जिवंत असतात; कढी उकळली की मरतात. 2024 च्या जानेवारीत आमच्याकडच्या रे नगर वसाहतीत 15 हजार घरांचे वाटप झाले. अशा नव्या घरी आलेले बिऱ्हाडही पहिले विरजण शेजारूनच आणते. एकमेकींच्या हातून फिरणारी ही जीवाणूंची वाणच म्हणायची.

पोटातील वस्ती

एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2016 साली मांडला. आपल्या स्वतःच्या पेशींच्या संख्येला तो उतरत नाही. यांतील बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात असतात. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे खातात आणि त्यापासून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळेल असे पदार्थ बनवतात. के जीवनसत्त्वही काही प्रमाणात तयार करतात. शिवाय सगळी जागा यांनी व्यापलेली असल्यामुळे रोगजंतूंना सहजासहजी तळ ठोकता येत नाही.

बाळाला ही शिदोरी जन्मावेळी आईकडून मिळू लागते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की, त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातील चांगल्या जीवाणूंसाठी! ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर एक अभ्यास झाला. त्यातील एका गटाला निवडक लॅक्टोबॅसिलस जीवाणू आणि त्यांचे खाद्य आठवडाभर देण्यात आले. या गटात जंतुदोष व मृत्यू मिळून सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे 2017 साली प्रसिद्ध झाले. मात्र हे सारे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. आपण तान्ह्या बाळाला दही, मध किंवा घुटी चाटवू नये. पहिले सहा महिने आईचे दूध पुरे.

कडक गोळीचा हट्ट

आता मुख्य मुद्दा. "डॉक्टरसाहेब, पोरगं दोन दिवस पातळ करतंय, एखादी कडक गोळी द्या की," असे मला वरचेवर ऐकावे लागते. काही पालक तर दुकानातून चार कॅप्सूल आणून, दोन देऊन, मग येतात. अशा वेळी मी त्यांना दुधाची गोष्ट सांगतो. कासदाह झालेल्या म्हशीच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, तर त्या दिवसांतील दुधाचे दही नीट लागत नाही, कारण औषधाचा अंश विरजणाचे जीवाणू मारतो. (म्हणूनच ठरावीक दिवस ते दूध विकूही नये.) दह्याच्या भांड्यात जे घडते, तेच पोटातही घडते. औषधाला आपला आणि परका कळत नाही. चांगल्यांची वस्ती उठली की, काहींना औषधामुळेच जुलाब लागतात आणि औषधाला न जुमानणारे चिवट जंतू रिकाम्या जागेत फोफावतात. उद्या त्याच मुलाला न्यूमोनिया झाला, तर तेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही.

साधी सर्दी आणि मुलांचे बहुतेक पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर प्रतिजैविक चालतच नाही.

काय करावे?

जुलाब सुरू होताच जलसंजीवनीचे पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रात विचारून 14 दिवस द्याव्यात. शौचात रक्त पडले, मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

ज्या औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनी दिले असेल, तर मात्र सांगितले तितके दिवस पुरे करावे. क्षय आणि विषमज्वरात हे विशेष महत्त्वाचे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत.

रोजच्या आहारात ज्वारीची भाकरी, डाळ‑उसळ, पालेभाजी आणि सोसत असल्यास घरचे ताक असावे. दही हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, पण चांगल्या आहाराचा भाग जरूर आहे. उद्याच्या दह्यासाठी गृहिणी आज चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवते. पोटातील विरजणाचीही तेवढीच काळजी आपण घ्यावी.