कथेला किती जागा लागते?

एडगर ॲलन पो याने 1842 साली नॅथॅनियल हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण लिहिताना कथेच्या लांबीला घड्याळ लावले. अर्धा तास ते फार तर दोन तास, एवढ्यात ती वाचून झाली पाहिजे. मध्ये उठावे लागले की बाहेरचे जग आत घुसते आणि जमलेला परिणाम विस्कटतो, असे त्याचे म्हणणे. 'एका बैठकीत वाचून होणारी ती कथा' ही व्याख्या आपल्या पाठ्यपुस्तकांत रुजली ती तिथूनच. नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या वसाहतीत राहणाऱ्या नोकरदाराला अशी बैठक रोज मिळते. मानसरोवर स्थानकात हार्बरची लोकल धरली की सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास जातो, आणि बसायला जागा मिळाली तर मिनिटाला दीडशे शब्दांच्या सावकाश वेगानेही दहा हजार शब्दांची कथा त्यात संपते. आपल्या कथास्पर्धा मात्र बहुधा दोन-अडीच हजार शब्दांवर फाटक लावतात. दोन्ही कथा पोच्या बैठकीत बसतात. म्हणजे त्याच्या मापाने कथेचे छत कळते. त्या छताखाली कोणत्या कथेने किती जागा घ्यावी, याविषयी ते माप काहीच सांगत नाही.

घटना थोड्या तर कथा लहान आणि पात्रे पुष्कळ तर कथा मोठी, असे नवे लेखक धरून चालतात. वाचनात मात्र हा हिशेब जुळत नाही. एका रात्रीत घडणारी कथा पन्नास पानांची होऊ शकते आणि तीन पिढ्यांची दोन पानांत मावू शकते. मला माप वेगळे दिसते. कथेत एक जागा अशी येते की तिथे तिचा सगळा भार वाचकावर पडतो. त्या जागी पोचेपर्यंत वाचकाला काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, आणि नुसत्या ठाऊक नव्हे, अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. त्यांपैकी किती गोष्टी तो स्वतःबरोबर घेऊन येतो आणि किती कथेला नव्याने द्याव्या लागतात, यावर लांबी ठरते. वाचक जे घेऊन येतो त्यावर शब्द खर्च केले की कथा पसरट होते. तो जे घेऊन येत नाही ते वगळले की तीच कथा त्रोटक होते. म्हणूनच 'तुमची कथा फार लांब आहे' हा शेरा अर्धाच असतो. कोणासाठी लांब, हे त्यात राहून जाते.

कामोठ्यातलेच उदाहरण घेऊ. आज इथे इमारतींची दाटी असली तरी मूळ कामोठे हे आगरी-कोळी वस्तीचे, भातशेतीचे आणि खाडीचे गाव. 1970 मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या त्यांत हेही गाव होते. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. आता समजा, एका घरातला असा भूखंड बिल्डरला द्यायचा आहे आणि भावांना बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. पनवेल-उरण पट्ट्यातल्या वाचकासाठी 'साडेबारा टक्के' हे दोन शब्द पुरे आहेत. त्यामागची जमीन, मोर्चे, वारस नोंदींची भांडणे, अचानक आलेला पैसा आणि तो कुठे गेला याच्या कहाण्या, हे सारे त्याच्याजवळ आहे. नागपूर किंवा नांदेडच्या वाचकाला तेच दोन शब्द सरकारी आकडा वाटतील. त्याच्यासाठी कथेला शेत उभे करावे लागेल, ते जाताना दाखवावे लागेल, आणि भूखंडाची वाट पाहण्यात गेलेली वर्षे त्याला जाणवून द्यावी लागतील. विषय तोच, घर तेच, सहीसुद्धा तीच. एक कथा दोन हजारांत होईल, दुसरीला आठ हजार लागतील. आणि माझ्या मते दोघींची लांबी बरोबर असेल.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा. लांबी लेखक ठरवतच नाही, नियतकालिक ठरवते, असे म्हणता येईल, आणि त्याला आधारही भक्कम आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातल्या स्फुट गोष्टींनी मराठी कथेला तिचा आकार मिळू लागला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ला महिन्याची सवड होती, तिथे वि. सी. गुर्जरांसारख्यांची 'संपूर्ण गोष्ट' कथानकाच्या वळणावळणांनी ऐसपैस होत गेली. 1909 मध्ये मित्रांनीच पहिला दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा कथेला मोठी जागा मिळण्याची सोय झाली. पुढे ना. सी. फडक्यांनी तंत्राचा आग्रह धरून कथा आटोपशीर केली. रशियात चेखॉव्हनेही 'ओस्कोल्की' या विनोदी साप्ताहिकाच्या शंभर ओळींच्या मर्यादेत हात घडवला. हे सगळे खरे. पण चेखॉव्हच्या त्याच काळातली कारकुनाची कथा पाहा. नाटकगृहात शिंक येते, पुढे बसलेल्या बड्या अधिकाऱ्यावर तुषार उडतात, आणि माफी मागता मागता कारकून भीतीने मरतो. 1883 मधली ही कथा शंभर ओळींच्या शिस्तीत शोभते, कारण हुद्द्याची दहशत रशियन वाचक श्वासाबरोबर घेत होता. (आपल्यालाही ती समजावून द्यावी लागत नाही, हे फार अभिमानाचे नाही.) पण निर्मनुष्य माळरानातला एका पोराचा लांबलचक प्रवास लिहायचा झाला तेव्हा त्याच चेखॉव्हने साप्ताहिकाची चौकट सोडली आणि 1888 मध्ये 'स्टेप' मोठ्या मासिकाकडे दिली. चौकट कोणती कथा आत येईल ते ठरवते. आत आलेल्या कथेला ती पुरते की नाही, ते कथेच्या गरजेवर राहते.

आपल्याकडे याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे मिळतो. 'रमलखुणा' आणि 'सांजशकुन' ही त्यांची दोन्ही पुस्तके 1975 मधली. 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच कथा आहेत आणि त्यांनी सबंध पुस्तक व्यापले आहे. 'सांजशकुन'मधल्या कथा आखूड, दृष्टांताच्या वळणाच्या. लेखक एक, काळ एक, माणसाचे प्राक्तन हा ध्यासही एकच. मग हा फरक कशाने पडला? दृष्टांत ऐकण्याची रीत मराठी वाचकाला लहानपणापासून, कीर्तनातून आणि पोथीतून आलेली असते. कोणी एक राजा, कोणी एक यात्रिक, एवढे म्हटले की तो कसे ऐकायचे ते ओळखतो. त्याला गाव, साल, घराणे लागत नाही. 'इस्किलार'मध्ये प्रदेश, नावे, विधी, देवता असे सगळेच अनोळखी आहे. त्या जगातली श्रद्धा वाचकाच्या मनात आधी घट्ट बसली नाही, तर तिच्या तुटण्याचे त्याला काहीच वाटणार नाही. तिथली पाने श्रद्धा बसवण्यासाठी खर्ची पडली आहेत. घाईच्या वाचकाला ती संथ वाटतात, हे मान्य. पण ती काढली तर शेवट नुसता चमत्कारिक उरेल.

दि. बा. मोकाशींची 'आता आमोद सुनासि आले' दुसऱ्या टोकाची. पुत्रशोकात बुडालेला लोहार, पावसाची रात्र, अडलेली गाय, आणि थोडक्या पानांत घडलेले एक विलक्षण परिवर्तन. एवढे मोठे परिवर्तन एवढ्या जागेत पटते, कारण वारी, अभंग आणि ज्ञानेश्वर वाचकाने आणलेले आहेत. शीर्षकाने नुसता स्पर्श केला की शतकांचा साठा हलतो. सुमित्रा भावे यांनी याच कथेवर 'दिठी' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यातला ऐवज कथेत दडलेला होताच, मोकाशींना तो उलगडून ठेवण्याची गरज भासली नव्हती.

बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही 1963 च्या संग्रहातली कथा मला या बाबतीत फार शिकवणारी वाटते. नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो, ती उघड होते, त्याला मारहाण होते. हा सांगाडा दोन पानांतही मावेल, आणि तेवढ्यात अन्यायाची चीड येईलही. पण बागुलांना चीड पुरेशी नव्हती. उघडे पडण्याच्या भीतीखाली रोज वावरणे, कौतुक झाले तरी त्याचा धाक वाटणे, हे त्यांच्या बहुसंख्य तत्कालीन वाचकांच्या अनुभवात नव्हते. ते त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत कथा लांबली आहे. जयंत पवारांच्या कथाही याच कारणाने विस्तारतात. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा संग्रह 2010 चा, त्याला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1982 चा गिरणी संप तर मुंबईकराला ठाऊकच आहे, मग एवढी पाने कशाला, असे कोणी विचारील. त्याला ठाऊक आहे ती बातमी. संपानंतर चाळीच्या एका खोलीत नाती कशी कुजली हे ठाऊक असणे वेगळे, आणि पवारांना ते हवे होते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसे'तले एकेक लेखन आटोपशीर आहे, आणि 1949 मध्ये पुण्या-मुंबईच्या वाचकाला माणदेश परकाच होता. अनोळखी जगाला लांबी लागते, हा नियम इथे मोडतो का? थोडा मोडतो, हे कबूल करायला हवे. माडगूळकरांची नजर अशी की एका वाक्यात ते माणूस उभा करतात, आणि प्रतिभेला सूट द्यावीच लागते. पण दोन गोष्टी विसरू नयेत. ही व्यक्तिचित्रे आहेत; त्यांत भार एका निर्णायक वळणावर फारसा येत नाही, म्हणून आधीची तयारी कमी लागते. आणि माणदेश तिथे एका लेखात उभा राहत नाही, सबंध पुस्तकात राहतो. दुसऱ्या माणसापाशी येईतो पहिल्याने वाचकाला माळ, दुष्काळ आणि बोली दिलेली असते. त्याच भागातले एकच गाव उभारून ते उजाड होताना दाखवायचे ठरले तेव्हा माडगूळकरांनाही 1955 मध्ये 'बनगरवाडी' एवढी जागा घ्यावी लागली.

जितके वगळाल तितके वजन वाढते, हे मत अलीकडे नियमासारखे सांगितले जाते, आणि त्यासाठी रेमंड कार्व्हरचे नाव घेतात. त्याच्याच दोन कथा हे मत तपासायला उपयोगी पडतात. मुलाच्या वाढदिवसाला केक सांगितलेला, त्याच दिवशी मुलाला गाडीची धडक, आणि केक न्यायला कोणी आले नाही म्हणून बेकरीवाल्याचे चिडलेले फोन. संपादक गॉर्डन लिश यांनी कापून लहान केलेली 'द बाथ' 1981 मध्ये आली आणि फोनपाशीच तुटली. तीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' म्हणून 1983 च्या संग्रहात विस्ताराने आली. तिच्यात मूल जाते, आईबाप रात्री बेकरीत धडकतात आणि बेकरीवाला त्यांना ताजा पाव खाऊ घालतो. लहान कथेत धास्ती आहे, आणि ती अस्सल आहे. अनोळखी आवाजाची भीती कुणालाही नव्याने शिकवावी लागत नाही. पण त्या आवाजामागच्या एकाकी माणसाला क्षमा करणे ही वाचकाने घरून आणलेली गोष्ट नव्हे. ती कमवायला पाने लागली. कापल्याने कथेचे वजन वाढले असे म्हणण्यापेक्षा कापल्याने कथा बदलली, असे म्हणणे रास्त.

मोबाइलवर फिरणाऱ्या 'अलक', म्हणजे अतिलघुकथा, यांच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. खांडेकरांच्या रूपककथा हे त्यांचे प्रतिष्ठित पूर्वज. पण चारपाच ओळींच्या कथेला जवळजवळ सगळेच उसने घ्यावे लागते. म्हणून तिच्यात वृद्धाश्रमातली आई, परदेशातला मुलगा आणि सासू-सून पुन्हापुन्हा भेटतात. वाचकाचे ठरलेले मत ती उलटवू शकते, डोळ्यांत पाणीही आणते. त्याला नवे मत किंवा नवा माणूस देणे तिला जमत नाही. शिवाय उसन्याला मुदत असते. हरिभाऊंच्या वाचकाला केशवपनाचा नुसता उल्लेख पुरत होता. आजच्या विशीतल्या वाचकासाठी त्याला टीप द्यावी लागेल. आजच्या अलकांपैकी किती पन्नास वर्षांनी कळतील, याची मला शंका आहे.

वाचक कोण असेल हे लिहिताना कसे कळणार, असे विचाराल तर ते कळत नसते, निवडायचे असते. आणि स्पर्धेची मर्यादा दोन हजारांची असेल तर आठ हजारांची कथा तासत बसण्यापेक्षा त्याच ऐवजातली दुसरी कथा शोधावी. कामोठ्याच्या त्या घरात ती आहे. निबंधक कार्यालयाच्या बाकावर भाऊ-बहीण शेजारी बसलेले, भाऊबीज चार दिवसांवर, आणि हक्कसोडपत्राची छापील प्रत बहिणीच्या हातात. भाऊबीज मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे ही कथा दोन हजारांत भागते. यात जमीन फक्त कागदावर येईल, आणि या कथेला ती तेवढीच पुरे. ज्याला शेताची कथा लिहायची आहे, खाडीचे पाणी अडवणारा बांध, भाताची लावणी आणि मोजणीला आलेले लोक ज्याला वाचकाला आधी दाखवायचे आहेत, त्याने स्पर्धेच्या वाटेला जाऊ नये. दीर्घकथेसाठी पाने राखून ठेवणारे दिवाळी अंक अजून निघतात. त्यांच्याकडे ती उन्हाळ्यातच पाठवावी, कारण एवढी जागा संपादक गणपतीनंतर देऊ शकत नाहीत.