जुन्या संगणकाचा प्रोसेसर व कूलर : निवडीपूर्वीचा विचार

शाळेतील एखादे साधन जुने झाले म्हणजे ते दुरुस्त करावे की टाकून द्यावे, हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो. बाकाचा पाय मोडला तर दोष डोळ्यांना दिसतो व गावचा सुतार तो दूर करतो. संगणकाच्या बाबतीत मात्र दोष दिसत नाही. यंत्र मंद झाले एवढेच कळते, आणि मग दुकानदार सुचवील तो भाग विकत घेतला जातो. खर्च होतो, पण पुष्कळदा यंत्र पूर्वीइतकेच मंद राहते. शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून एकदा गेलेले पैसे त्या वर्षी परत येत नाहीत, आणि त्याची झळ अखेर मुलांना लागते.

सोलापूर जिल्ह्यात हा विचार अधिकच अगत्याचा आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड देण्याचा त्यांचा उपक्रम सर्वश्रुत आहे. लहान गावातील शाळाही अशा साधनांचा उत्तम उपयोग करू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु त्यासाठी साधन चालते असावे लागते.

प्रोसेसर आणि कूलर

प्रोसेसर हा संगणकातील सर्व आकडेमोड करणारा भाग होय. काम करताना तो तापतो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा व पंखा बसविलेला असतो. यालाच कूलर म्हणतात. उन्हाळ्यात खोलीत लावतात तो पाण्याचा कूलर निराळा. त्याची दमट हवा संगणकावर कधीही सोडू नये.

पंख्याचा कूलर खोलीतील हवेनेच प्रोसेसर थंड करतो. त्यामुळे खोलीपेक्षा कमी तापमान तो आणू शकत नाही. उदाहरणादाखल, कामाच्या भाराखाली प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी अधिक तापतो असे मानू. खोली २५ अंशांवर असताना तो ६५ अंशांवर राहील. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालची खोली ४२ अंशांवर गेली की तो ८२ अंशांवर पोहोचेल. त्यात खडूची भुकटी, काळ्या रानातील धूळ किंवा यंत्रमागाच्या वस्तीतील कापसाचे तंतू पात्यांत अडकले, तर पारा १०० अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी बहुतेक प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतात. तेव्हा मंदपणाचे कारण प्रोसेसर जुना झाला हे नसून तो तापला आहे, हेही असू शकते.

प्रथम निदान

यास्तव खरेदीपूर्वी एक सोपा प्रयोग करावा. उन्हाळ्यात सकाळी आठ वाजता एखादे ठराविक काम करून त्यास लागलेला वेळ लिहून ठेवावा. तेच काम दुपारी दोन वाजता पुन्हा करावे. दुपारी वेळ पुष्कळ अधिक लागला, तर दोष उष्णतेचा असण्याचा संभव मोठा. दोन्ही वेळी संगणक सारखाच मंद असेल, तर विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहावे. काम चालू असताना तेथे डिस्क शंभर टक्के व्यापलेली दिसली, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे हाच उपाय होय. प्रोसेसर बदलून काही साधणार नाही. मेमरी भरलेली दिसली, तर रॅम वाढवावी. डिस्क व मेमरी मोकळ्या असून प्रोसेसरच सतत शंभर टक्के व्यापलेला असेल, तरच तो बदलण्याचा विचार करावा.

दोष उष्णतेचा असेल तर पहिला उपाय सफाईचा. प्रोसेसर व कूलर यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप असतो, तो वर्षांनुवर्षांत सुकतो. दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्यांत हवा असते. हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे ती हटविण्याचे काम हा लेप करतो. पात्यांतील धूळ काढून नवा लेप लावला की पुष्कळ संगणक पूर्ववत चालू लागतात, आणि त्यास खर्च अगदी थोडा येतो.

प्रोसेसरची निवड

कोणताही प्रोसेसर कोणत्याही मदरबोर्डावर बसत नाही. त्याच्या बैठकीला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११ व २०१२ सालचे प्रोसेसर एलजीए ११५५ या सॉकेटचे आहेत. चौथ्या पिढीचे एलजीए ११५० या सॉकेटचे आहेत व ते पहिल्यावर बसत नाहीत. सॉकेट जुळले म्हणूनही काम भागत नाही. मदरबोर्डाच्या बायोसला तो प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. म्हणून मदरबोर्डावर छापलेले नाव टिपून घ्यावे व निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत नवा प्रोसेसर आहे की नाही, हे ताडून पाहावे.

समजा, शाळेच्या संगणकात एच ६१ जातीचा मदरबोर्ड व आय ३-२१०० हा प्रोसेसर आहे. त्यास दोन गाभे असून त्याची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट आहे. त्या जागी चार गाभ्यांचे तीन पर्याय संभवतात : आय ५-२४००, ९५ वॅट, आय ५-३४७०, ७७ वॅट, आणि आय ५-३४७० एस, ६५ वॅट. यांपैकी शेवटचा आपल्या हवामानास सर्वांत अनुकूल होय. कारण गाभे दुप्पट होऊनही कूलरवरील भार वाढत नाही. येथे नावाच्या शेवटच्या अक्षराकडे नीट लक्ष द्यावे. आय ५-३४७० टी हा ३५ वॅटचा असला तरी त्याचे गाभे दोनच आहेत. असे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. म्हणून दुकानात चालवून पाहिल्यावाचून व परत घेण्याची हमी लिहून घेतल्यावाचून खरेदी करू नये.

कूलरची निवड

कूलर प्रोसेसरच्या वॅटमर्यादेइतका किंवा तिच्याहून सरस असावा. ६५ वॅटसाठी स्वच्छ केलेला मूळचा कूलर बहुधा पुरतो. ९५ वॅटचा प्रोसेसर घेतल्यास तांब्याचा गाभा असलेला उंच कूलर घ्यावा. तांबे हे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णतेचे अधिक चांगले वाहक आहे. कूलर ज्या छिद्रांत बसतो त्यांतील अंतरही पाहावे. एलजीए ७७५ मध्ये ते ७२ मिलिमीटर, तर ११५५ व ११५० मध्ये ७५ मिलिमीटर असते. कॅबिनेटची रुंदी मोजल्याशिवाय मनोऱ्यासारखा उंच कूलर आणू नये. झाकण लागत नाही.

बसविताना घ्यावयाची काळजी

संगणक एखाद्या योजनेच्या देखभाल-कराराखाली असेल, तर तो शाळेत उघडू नये. अन्यथा जाणत्या तंत्रज्ञाकडून काम करवून घ्यावे व शिक्षकाने शेजारी उभे राहावे. बायोस बदलणे असेल, तर ते जुना प्रोसेसर असतानाच उरकावे, आणि यूपीएसवाचून कदापि करू नये. त्या क्षणी वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यानंतर वीजजोडणी काढावी. सॉकेटमधील बारीक टाचण्यांना बोट लावू नये. लेप वाटाण्याच्या दाण्याएवढाच घ्यावा. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने दाबाव्यात व पंख्याची तार जोडल्याची खात्री करूनच वीज द्यावी.

या उपायाची मर्यादा

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढील प्रोसेसर लागतो, आणि तो एलजीए ११५५ वर बसत नाही. म्हणजे वर सांगितलेला बदल करूनही असा संगणक विंडोज ११ ला पात्र ठरत नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटचे काही मदरबोर्ड बायोस बदलल्यावर बरेच नवे प्रोसेसर स्वीकारतात. तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. इतर जुन्या संगणकांवर सी-डॅकने तयार केलेली बॉस किंवा अन्य लिनक्स प्रणाली घालून त्यांचा उपयोग मुलांच्या टंकलेखनासाठी, चित्रांसाठी व शैक्षणिक चित्रफितींसाठी करता येईल. सुरक्षा-सुधारणा बंद झालेल्या प्रणालीवर मात्र वेतनाचे व विद्यार्थ्यांच्या माहितीचे काम करू नये.

सारांश, आधी निदान, मग सफाई, त्यानंतर डिस्क व रॅम, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर व त्यास साजेसा कूलर, हा क्रम राखावा. ज्या अनुदानातून खर्च करावयाचा त्याच्या अटी पाहून व शाळा व्यवस्थापन समितीची संमती घेऊन खरेदी करावी आणि काढलेल्या भागांची जडसंग्रह नोंदवहीत नोंद ठेवावी. सफाईच्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांना उघडलेला संगणक दुरूनच दाखवावा. उष्णतेच्या वहनाचा पाठ त्यांना त्या धुळीने भरलेल्या पात्यांवरून चांगला समजेल, आणि आपल्या शाळेचे यंत्र कशाने थकते हेही कळेल.