हळदीने न भरणारी जखम

रेडिएटर गळायला लागला की त्यात चमचाभर हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच जिल्ह्यातल्या ईश्वरपूरच्या (पूर्वीचं इस्लामपूर) आसपास हे औषध शोधत फिरायला नको. उपाय अगदीच खोटाही नाही. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर पूड तिथे अडकते आणि गाडी गावापर्यंत येते. घोळ होतो तो हीच हळद हेड गॅस्केटला लावण्यात.

इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. जळता वायू, कूलंट आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. पेट्रोल इंजिनात वायूचा दाब क्षणभर पन्नास बारच्या घरात जातो, डिझेलमध्ये शंभराच्या पुढे. कारच्या टायरमधली हवा असते सव्वादोन बार! तिथे हळद काय टिकणार? उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात आणि इंजिन आणखी तापतं.

‘पॅकिंग गेलंय, पण गाडी चालतीय की,’ हे वाक्य फसवं आहे, कारण इंजिनात पॅकिंगं, म्हणजे गॅस्केटं, बरीच. टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरत असेल, तर रोज गेज काढून ऑइल बघत आठवडाभर गाडी चालवता येते. मात्र ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकून जळका वास येत असेल, तर ती सवलत नाही; तिथून आग लागू शकते. हेड गॅस्केट गेलं असेल तर आठवडा सोडाच, पुढचं गावही धरू नये. कूलंट ऑइलमध्ये उतरलं की बेअरिंग खातं. सिलिंडरमध्ये साचलं तर त्याहून वाईट, कारण पाणी दाबलं जात नाही आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

‘काटा मध्यावर आहे, मग भीती कसली?’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट खाली गेलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, की इंजिन होरपळत असतानाही काटा शांत राहू शकतो.

धुराबद्दल उलटा घोटाळा. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ पाहून घाबरायचं कारण नाही, ती थोड्या वेळात विरते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि टाकीतलं कूलंट घटत गेलं, तर मात्र गॅस्केटवर संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थरही एकटा पुरावा नव्हे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही धरतो. गेजवरचं ऑइलच दुधाळ दिसलं, तर प्रकरण गंभीर.

थर्मोस्टॅट काढून टाकला की हिटिंग थांबतं, असंही सांगितलं जातं. गळती तिथेच राहते. वर इंजिन गरम व्हायला वेळ घेतं आणि इंधन जास्त पितं. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतणं त्याच माळेतलं. कृष्णाकाठी जमिनी क्षारपड झाल्या, तिथलं जड पाणी रेडिएटरला कसं मानवेल?

थोडं कूलंट कमी झालं तर काय बिघडतं, याचं उत्तर ब्रिटनच्या रोव्हर कंपनीच्या के-सिरीज इंजिनाने दिलं. त्यात कूलंट मुळातच थोडं मावायचं. बारीकशा गळतीनेही इंजिन तापायचं आणि गॅस्केट जायचं. या एका दुखण्याने हे इंजिन बदनाम झालं.

दुरुस्तीतही नुसतं नवं गॅस्केट पुरत नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा बाकही बऱ्याच इंजिनांना चालत नाही. म्हणून हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजायची, लागलं तर फेसिंग करून घ्यायचं. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळायचे. अनेक इंजिनांत ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात; जुनेच बसवले तर गाडी परत दारात येण्याची भीती. मिस्त्रीला हे आधीच विचारून घ्यावं.

ईश्वरपूरजवळच्या पेठ नाक्यावरून महामार्गाला लागण्याआधी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पातळी रोज उतरत असेल आणि गळती बाहेर कुठेच दिसत नसेल, तर गाडी टोइंगनेच गॅरेजला न्या.