पोट दुखतंय, आजी



गेल्या अंकात आपण गुडघेदुखीबद्दल बोललो. त्यानंतर बरेच फोन आले. गुडघ्यांचं बोलणं आटोपलं की तीन-चार जणींनी आवाज खाली आणून विचारलं, "आमच्या नातवाचं जरा सांगू का?" एकीची नात शाळेत जायला तयार नाही. एकीचा नातू रात्रभर जागतो आणि दिवसभर झोपतो. आणि फोन ठेवताना प्रत्येकीने एकच वाक्य म्हटलं, "पण हे कुणाला बोलू नका हं."

म्हणून या वेळी गुडघे बाजूला ठेवते आणि या वाक्याबद्दल लिहिते. दुसऱ्यांचं सांगण्याआधी स्वतःचं सांगते. हे लिहायला माझ्या नातवाने परवानगी दिली आहे. नाव आणि गाव लिहू नकोस म्हणाला, ते पाळते.

तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचा. किद्दुश झाला की नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण आणि भात, दोनदा वाढून घ्यायचा. हळूहळू एकदाच घेऊ लागला, मग अर्ध्यावर उठू लागला. "पोट दुखतंय, आजी," म्हणायचा. मी ओवा आणि मीठ चावायला दिलं. कमी झालं नाही तेव्हा मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, तेही सांगते, लपवत नाही. सून त्याला चार वेळा डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं.

एक दिवस तो माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि हिब्रूत म्हणाला, "एन ली कोअख." कोअख म्हणजे ताकद. मला वाटलं, पोराला अशक्तपणा आला आहे. दुसऱ्या दिवशी बदाम घालून शिरा केला आणि डबा पाठवला. त्याला वेगळंच सांगायचं होतं. सकाळी उठायची, दात घासायची, कुणाशी बोलायची इच्छाच उरली नाही, असं तो सांगत होता. त्याने हिब्रूत सांगितलं आणि मी ते मराठीत ऐकलं.

वाचकहो, मी मुंबईत नर्सिंग शिकले आणि इथे येऊन तीस वर्षं कुपत होलिमच्या दवाखान्यात अहोत म्हणून काम केलं. (पहिल्या वर्षी रुग्ण "अहोत, अहोत" अशी हाक मारत, तेव्हा मनातल्या मनात मी "हो, आहोत" म्हणायची.) परक्यांच्या मुलांचे चेहरे बघून मी डॉक्टरांना सांगत असे की याच्या पोटात काही नाही, घरात काहीतरी आहे. स्वतःच्या घरात मात्र मला ते दिसलं नाही.

पुढची चूक याहून मोठी. शाळेच्या योएत्सेतने, म्हणजे समुपदेशक बाईंनी, सुनेला बोलावलं. गुण घसरले होते, मुलगा वर्गात मान खाली घालून बसत होता. मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात दाखवा, असं त्या म्हणाल्या. सुनेने रडत मला फोन केला. मी तिला म्हणाले, "शाळेत काही कबूल करू नकोस. नोंद राहते. उद्या सैन्यात विचारतील, परवा लग्नाच्या वेळी विचारतील. आपल्याकडे असलं काही नसतं." सुनेने माझं ऐकलं. मी नर्स होते ना!

त्यात तीन महिने गेले. एका रात्री त्याने वर्गातल्या मित्राला लिहिलं की सकाळी जाग आली नाही तर बरं होईल. त्या मित्राने ते गुपित ठेवलं नाही. सकाळी शाळेत जाऊन योएत्सेतला दाखवलं. त्याच दिवशी नातू डॉक्टरांपुढे होता. त्या परक्या मुलाला जे समजलं ते मला तीस वर्षांच्या नोकरीनंतरही समजलं नव्हतं.

मी तसं का बोलले, याचा नंतर खूप विचार केला. मी वाईट आजी नव्हते. पण काही गोष्टी माझ्या अंगात इतक्या मुरल्या होत्या की त्या माझ्या तोंडून आपोआप बोलल्या.

पहिली गोष्ट अब्रूची. आपला समाज लहान. दिमोनात कुणाला शिंक आली तर संध्याकाळपर्यंत लोदमध्ये कळतं. मुलगी बघायला जायच्या आधी लोक घराण्याची चौकशी करतात. त्यामुळे मधुमेह आपण सांगतो, मनाचा आजार लपवतो.

दुसरी गोष्ट जुन्या जखमेची. १९६२ साली रब्बीनेटने आपल्या लोकांच्या लग्नाआधी आजी-पणजीपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश काढले. आपल्या माणसांनी १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठाण मांडलं, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत. मी त्यानंतर इथे आले. पण सासूबाईंनी ती गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली की ती माझीच झाली. त्या पिढीने एक धडा घेतला: कागदावर आपल्याविषयी काही लिहू देऊ नका, ते उद्या आपल्याच अंगावर येतं. त्या वेळी त्यांचं बरोबर होतं. पण तो धडा मी नातवाच्या आजाराला लावला, तिथे चुकले.

तिसरी गोष्ट आपल्या शांतपणाची. इथे लोक आपल्याला कौतुकाने म्हणतात, "होदी आहेत, शांत आहेत." मुलांनाही आपण तेच शिकवतो. मोठ्यांना उलट बोलू नये, बाहेर तोंड उघडू नये. योएत्सेत बाईंनी नंतर प्रामाणिकपणे कबूल केलं, "खुर्ची फेकणारा मुलगा मला पहिल्या दिवशी दिसतो. तुमचा नातू इतका सभ्य होता की महिनोन्‌महिने मला काही कळलंच नाही." म्हणजे ज्या गुणाची आपण शाबासकी देतो, त्यानेच मूल नजरेआड जातं. शाळेची चूक होती, तशी आपलीही होती.

चौथी गोष्ट भाषेची. मनाच्या आजाराला आपल्या तोंडी शब्द कोणते? वेड लागलं, डोकं फिरलं, बाहेरचं झालं. यातला एकही शब्द सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःसाठी वापरावासा वाटणार नाही. मग तो पोट दुखतं म्हणतो, डोकं दुखतं म्हणतो. ते ढोंग नसतं. काळजीने आतडी खरोखर आवळतात, भूक मरते, झोप उडते. दुखणं खरं असतं, त्याचं मूळ मात्र पोटात नसतं.

आणि पाचवी गोष्ट सैन्याची. उपचार घेतले तर प्रोफाइल खाली येईल, चांगल्या तुकडीत घेणार नाहीत, ही भीती आपल्याच नव्हे तर इथल्या सगळ्याच घरांत आहे. त्यात ऑक्टोबर २०२३ पासून मुलांनी सायरन, ममाद आणि ओळखीतल्यांच्या अंत्ययात्रा पाहिल्या आहेत. अशा वेळी माझं काय घेऊन बसायचं, असं मुलांना वाटतं. उपचार घेऊन नंतर सैन्यात गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पण समजा प्रोफाइल खाली आलाच, तरी मूल हाती राहिलं हे मोठं की आकडा मोठा?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मनाचा काहीतरी आजार असतो. आपली मुलं या हिशेबाच्या बाहेर नाहीत. तुम्हाला सात नातवंडं असतील तर मोजून पाहा.

आता इथली व्यवस्था कशी आहे ते सांगते, कारण पुष्कळांना अजून जुनीच माहिती आहे. १ जुलै २०१५ पासून मानसिक आरोग्याचे उपचार चारही कुपत होलिमच्या जबाबदारीत आले. म्हणजे गुडघ्याचा उपचार जसा हक्काचा, तसाच मनाचाही. सुरुवात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून किंवा शाळेच्या योएत्सेतपासून करता येते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे १९९६च्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे डॉक्टर आणि नर्स दोघांनाही बंधनकारक आहे. सिनेगॉगमध्ये किंवा लग्न जुळवणाऱ्यांपर्यंत कुणी कागद पाठवत नाही.

खोटं सांगणार नाही, रांग मोठी आहे. मुलांच्या तज्ज्ञांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, युद्धानंतर तर जास्तच. म्हणूनच आपण घालवलेले तीन महिने महाग पडतात. नाव आजच नोंदवा. मधल्या काळात योएत्सेतला भेटत राहा आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा फोन करून जागा सुटली का विचारा. इथे गप्प बसणाऱ्याला उशिरा मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

आपण आजी-आजोबांनी काय करायचं?

लक्ष ठेवा. खाणं-झोपणं बदललं, मित्र सुटले, आवडीचा खेळ किंवा गाणं सुटलं, चिडचिड वाढली, सारखं अंग दुखतं पण तपासणीत काही निघत नाही, असं दोन आठवडे चाललं तर आई-बापांशी बोला आणि डॉक्टरांकडे न्या.

विचारा, पण चारचौघांत नको. माझा अनुभव असा की मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत. शेजारी बसून शेंगा सोलताना, गाडीतून जाताना बोलतात. हिब्रू मोडकी असली तरी चालेल. "तुला हल्ली बरं वाटत नाही असं मला दिसतंय. मी ऐकते आहे," एवढं पुरे. मग गप्प बसा. "आम्ही दिमोनाच्या उन्हात काय काय सोसलं" हे त्या दिवशी सांगू नका. ते खरं असलं तरी त्या दिवशी नको.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, असं स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरीच मुलं मोकळी होतात. उत्तर "हो" आलं तर गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. एरानचा १२०१ हा फोन चोवीस तास चालतो, तिथे मुलंही बोलू शकतात आणि त्यांची आजीही. जिवाला धोका वाटला तर १०१ लावून रुग्णवाहिका बोलवा.

आणि देवाचं देवाच्या जागी ठेवा. कुणी म्हणेल, नवस बोला, एलियाहू हन्नाबीचा मलिदा करा, हैफाच्या गुहेत जाऊन या. जरूर करा. आम्हीही मलिदा केला, आणि पोहे कालवताना नातू माझ्या शेजारी बसून खोबरं किसत होता. पण डॉक्टरांची वेळ त्याआधीच घेतलेली होती. एकासाठी दुसरं थांबवू नका.

नातू आता अठराचा होतो आहे. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जातो. पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. काही शुक्रवारी दोनदा वाढून घेतो, काही शुक्रवारी ताट तसंच राहतं. आता मी ओवा काढत नाही. "आज कोअख किती आहे?" असं विचारते, आणि तो दहापैकी आकडा सांगतो. गेल्या शुक्रवारी सहा म्हणाला. सैन्याचं पत्र आलं आहे, त्याचं काय ते डॉक्टर ठरवतील. सुनेची मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही एकट्याच नव्हतात, आई. मीही तेच ऐकायला फोन केला होता."

मला फोन करणाऱ्या भगिनींनो, तुमचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पण तुम्ही मात्र सांगा. सगळ्या गावाला नको. आधी मुलाच्या आई-बापाला, मग डॉक्टरांना.

पुढच्या अंकात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यायच्या काळजीबद्दल लिहीन. तोवर तब्येतीला जपा, आणि घरातल्या शांत मुलाकडे एकदा नीट बघा.

शालोम.